वकरेश्तच्या शेजारी : तुदोर आर्गेझीचे आयुष्य आणि कविता

तुदोर आर्गेझी (१८८०–१९६७) याला वगळून विसाव्या शतकातील रोमानियन कवितेचा विचार करता येत नाही. कवी मिहाई एमिनेस्कू १८८९ मध्ये वारला, आणि त्यानंतर कित्येक वर्षे रोमानियन कवी त्याच्याच सुरात गात राहिले. जॉर्जे बाकोव्हिया आणि लुचियान ब्लागा यांनी आपापल्या वाटा शोधल्या. पण कवितेत कोणते शब्द चालतात आणि कोणते चालत नाहीत, हा जुना हिशोबच मोडून टाकला तो आर्गेझीने. त्याचा पहिला संग्रह १९२७ साली निघाला तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. तोवर मठातली दीक्षा, परदेशातली मजुरी, वृत्तपत्रातली भांडणे आणि तुरुंगवास एवढे सगळे त्याच्या पदरी जमा झाले होते. पुढच्या चाळीस वर्षांत राजेशाही, लष्करी हुकूमशाही आणि साम्यवादी राजवट त्याने पाहिली. या राजवटींकडून त्याला कधी शिक्षा मिळाली तर कधी मान.

त्याचे जन्मनाव इयोन थेओदोरेस्कू. जन्म बुखारेस्टमध्ये, २१ मे १८८० रोजी. वडील नाए हे मूळचे ओल्तेनियातल्या गोर्झ भागातले, मिठाई करून विकणारे. आईविषयी आर्गेझी आयुष्यभर जपून बोलला. घरात कामाला असलेली ट्रान्सिल्व्हेनियातली रोझालिया एर्गेझी ही सेकेली हंगेरियन स्त्री त्याची खरी आई असावी, असे पुढे संशोधकांनी मांडले, आणि आडनावातले साम्य पाहता त्यात तथ्य वाटते. आर्गेझी स्वतः मात्र आपल्या टोपणनावाचा संबंध आर्जेश नदीच्या प्राचीन नावाशी जोडत असे. वडिलांशी त्याचे पटले नाही. पोरवयातच घर सोडून त्याने शाळेचा खर्च स्वतः कमावला, आणि बुखारेस्टजवळच्या कितिला येथील साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतही काही काळ नोकरी केली.

सोळाव्या वर्षी, १८९६ मध्ये, त्याच्या कविता अलेक्सांद्रू माचेदोन्स्कीच्या नियतकालिकात आल्या. माचेदोन्स्की हा त्या काळातला नव्या कवितेचा पुरस्कर्ता, मोठा मानी माणूस. पॅरिसच्या प्रतीकवादाचे वारे रोमानियात आणण्याचे बरेचसे श्रेय त्याला जाते. या पोरसवदा कवीची त्याने जाहीर तारीफ केली. एवढ्या कौतुकावर एखाद्याचे साहित्यिक आयुष्य सुरळीत चालू लागले असते. आर्गेझी मात्र लवकरच त्याच्या वर्तुळातून बाहेर पडला आणि १९०० च्या सुमारास चेर्निकाच्या मठात दाखल झाला.

चेर्निका हा बुखारेस्टच्या पूर्वेला तळ्याकाठचा जुना ऑर्थोडॉक्स मठ, सतराव्या शतकाच्या आरंभी वसलेला. तिथे आर्गेझीचे नाव योसिफ झाले आणि त्याला उपयाजकाची दीक्षा मिळाली. आर्चबिशप योसिफ गेओर्गियान याची त्याच्यावर मर्जी बसली आणि तरुण संन्यासी राजधानीत धर्मपीठाच्या कचेरीत आला. मठात त्याला काय मिळाले याचे उत्तर त्याच्या पुढच्या कवितेत आहे. प्रार्थनेची लय, स्तोत्रांची रचना आणि चर्चच्या जुन्या ग्रंथांतली स्लाव्ह वळणाची शब्दसंपत्ती तिथे त्याच्या कानात बसली. श्रद्धा मात्र तितकी घट्ट बसली नाही. दीक्षित असतानाच त्याने १९०४ मध्ये मित्राबरोबर एक छोटे मासिक काढले आणि त्यात कविता छापल्या.

जानेवारी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये त्याला एक मुलगा झाला. आई होती कोन्स्तान्त्सा झिस्सू नावाची शिक्षिका. हा मुलगा पुढे एली लोतार या नावाने फ्रान्समध्ये छायाचित्रकार म्हणून गाजला. पॅरिसच्या ला व्हिलेत कत्तलखान्याची त्याने १९२९ मध्ये काढलेली छायाचित्रे आजही नावाजली जातात. लुईस बुन्युएलच्या स्पेनमधल्या दारिद्र्यावरील माहितीपटाचा कॅमेराही त्याचाच, आणि शिल्पकार जाकोमेत्तीच्या अखेरच्या मुखशिल्पांसाठी तोच बसला होता. कुरूप म्हणून बाजूला टाकलेल्या गोष्टींकडे रोखून पाहण्याची सवय बापलेकांत सारखीच होती, मग तिला वारसा म्हणा किंवा योगायोग.

१९०५ मध्येच आर्गेझी स्वित्झर्लंडला गेला. निमित्त होते पुढील धर्मशिक्षणाचे. फ्रिबुर्गमध्ये तो काही काळ कॅथलिक संन्याशांच्या आश्रयाला राहिला, पण पंथ बदलण्याचा त्यांचा आग्रह त्याने मानला नाही. मग जिनिव्हात मिळेल ते काम करून तो जगला. तिथे तो घड्याळजीची कारागिरीही शिकला. १९१० मध्ये मायदेशी परतला तो संन्यास सोडूनच. चार-पाच वर्षांच्या या परदेशवासातून फारशी कविता निघाली नाही. मात्र शब्दांना हत्यार लावून तासण्याची, सांधे बसवण्याची भाषा त्याच्या लेखनात पुढे सतत येत राहते. आपल्या पहिल्या संग्रहाला त्याने 'कुविंते पोत्रिविते', म्हणजे नीट बसवलेले शब्द, असे सुताराला शोभेल असे नाव दिले.

बुखारेस्टमध्ये तो आता पत्रकार झाला. समाजवादी विचारांचा एन. डी. कोचा आणि दीर्घकाळचा मित्र, धर्मोपदेशक व कथाकार गाला गालाक्तियोन, हे त्याचे जवळचे लोक. कोचाच्या वृत्तपत्रांतून आर्गेझीने धर्मसभेवर, राजकारण्यांवर, नव्या श्रीमंतांवर जहरी लेख लिहिले. रोमानियन वाङ्मयात उपहासलेखाला, ज्याला तिथे 'पाम्फ्लेत' म्हणतात, कवितेच्या बरोबरीने मान मिळवून दिला तो प्रामुख्याने त्यानेच. त्याच्या शिव्या ओबडधोबड नसत. त्यांतही प्रतिमांची रास आणि लयीचा बांध असे, त्यामुळे ज्याच्यावर लेख निघे तो तर चिडेच, पण चिडलेल्या माणसालाही तो पाठ होई. हाच हात पुढे त्याला दोनदा गजाआड घेऊन गेला.

पहिली वेळ आली ती पहिल्या महायुद्धामुळे. १९१४ ते १९१६ ही दोन वर्षे रोमानिया तटस्थ होता, पण बुखारेस्टमधले मत उघडपणे फ्रान्सच्या बाजूचे होते. आर्गेझी आणि गालाक्तियोन यांचा कल उलट. रशियाच्या भीतीने म्हणा किंवा फ्रान्सभक्त सत्ताधाऱ्यांच्या तिरस्काराने म्हणा, त्यांनी १९१५-१६ मध्ये चालवलेले साप्ताहिक जर्मनीकडे झुकलेले होते. ऑगस्ट १९१६ मध्ये रोमानिया फ्रान्स-ब्रिटन-रशियाच्या बाजूने युद्धात उतरला आणि डिसेंबरातच बुखारेस्ट पडले. सरकार आणि राजदरबार याश शहरात गेला. आर्गेझी राजधानीत राहिला आणि व्यापलेल्या शहरात जर्मन अधिकाऱ्यांच्या आशीर्वादाने निघणाऱ्या वृत्तपत्रांत लिहीत राहिला. युद्ध संपल्यावर याचा जाब विचारला गेला. काही पत्रकार आणि लेखकांवर लष्करी न्यायालयात खटला चालला. त्यांत वयोवृद्ध कादंबरीकार इयोआन स्लाविच होता आणि आर्गेझीही. शिक्षा होऊन त्यांची रवानगी वकरेश्तच्या तुरुंगात झाली. १९१९ च्या अखेरीस माफी मिळाली. ती मिळावी म्हणून खटपट करणाऱ्यांत इतिहासकार निकोलाए योर्गा होता. युद्धकाळात तो याच लोकांचा कट्टर विरोधक होता आणि नंतर आर्गेझीच्या कवितेचाही झाला.

वकरेश्तची जागा नीट समजून घेतली पाहिजे, कारण आर्गेझीची कविता ज्या दोन टोकांमध्ये हेलकावते ती दोन्ही तिथे एकाच आवारात होती. बुखारेस्टच्या दक्षिणेला टेकाडावर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात निकोलाए माव्रोकोर्दात या राज्यकर्त्याने एक भव्य मठ बांधला. कोरीव दगडी खांब, भित्तिचित्रे, मोठे ग्रंथालय अशी त्याची कीर्ती होती. एकोणिसाव्या शतकात मठांच्या मालमत्ता सरकारजमा झाल्या आणि संन्याशांच्या खोल्यांना कोठड्यांचे रूप आले. मध्यभागी चर्च तसेच उभे, भोवती चोर, खुनी, कर्जबुडवे आणि राजकीय बंदी. पंधरा वर्षांपूर्वी चेर्निकात जो संन्यासी होता तो आता जुन्या मठात कैदी म्हणून राहू लागला. यावर त्याने 'काळा दरवाजा' हे गद्य पुस्तक १९३० मध्ये लिहिले. मठजीवनावरचे 'लाकडी मूर्तिचित्रे' त्याच्या आदल्याच वर्षी आले होते. दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचली तर मठाचे वर्णन अधिक निर्दयी आहे, हे लक्षात येते. तुरुंगातल्या माणसांना त्याने जेवढी माया दाखवली तेवढी धर्माधिकाऱ्यांना दाखवली नाही.

सुटकेनंतर त्याने घरासाठी जमीन शोधली ती याच वकरेश्तच्या शेजारी. शहराच्या कडेला, टेकडीच्या उतारावर, स्वस्तात मिळालेली जागा. पत्नी पारास्किवा आणि मित्सुरा व बारुत्सू ही दोन मुले यांच्यासह १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे बिऱ्हाड थाटले गेले. फळझाडे लागली, विशेषतः चेरीची. मधमाश्यांच्या पेट्या आल्या. कोंबड्या, शेळ्या, कुत्री आली. घराचे नाव पडले मर्त्सिशोर. मार्च महिन्याच्या पहिल्या तारखेला रोमानियन लोक एकमेकांना लाल-पांढऱ्या दोऱ्याचे जे छोटे शुभचिन्ह देतात, त्याचे हे नाव. घराला पुढे छापखान्याचीही जोड मिळाली. कविता लिहिणे, ती जुळवणे आणि छापणे, आणि बागेत खुरपे चालवणे ही एकाच दिवसातली कामे झाली.

१९२७ चा 'कुविंते पोत्रिविते' हा संग्रह मोठा आहे. त्यात मागच्या जवळजवळ पाव शतकाचे लेखन निवडून आलेले आहे. पहिलीच कविता मुलाला उद्देशून लिहिलेले मृत्युपत्र आहे. वारसा म्हणून बाप पोराला फक्त पुस्तक देऊ शकतो, पण त्या पुस्तकात नांगर ओढलेल्या आणि चाबूक खाल्लेल्या पिढ्यांचा घाम आहे, असा त्या कवितेचा आशय. शेतमजुराच्या अवजारातून लेखणी आणि शिवी-शापातून कविता घडते असा दावा तीत आहे. आर्गेझीचा हा जाहीरनामाच म्हटला पाहिजे. रोमानियन शाळांत ही कविता आजही शिकवली जाते आणि शालान्त परीक्षेच्या निमित्ताने दर पिढीला तिच्याशी झटापट करावी लागते.

त्या दाव्याचे वजन कळायला रोमानियन भाषेची घडण पाहावी लागते. ती मूळची लॅटिनची लेक. पण शतकानुशतके स्लाव्ह शेजाऱ्यांत वाढलेली, त्यांची धर्मभाषा वापरणारी, तुर्की, ग्रीक आणि हंगेरियन शब्दांनी भरलेली. १८६० च्या दशकापर्यंत ती मुख्यतः सिरिलिक लिपीत लिहिली जाई. लॅटिन लिपी आली ती राष्ट्रवादाबरोबर. आपण रोमनांचे वंशज आहोत हे सिद्ध करण्याच्या ओढीने अनेक विद्वानांनी बिगर-लॅटिन शब्द हुसकावण्याचा उद्योग केला आणि सुशिक्षित वर्गाने त्या जागी फ्रेंच शब्दांची भर घातली. कवितेची भाषा त्यामुळे एका बाजूने सोज्ज्वळ लोकगीतांकडे आणि दुसऱ्या बाजूने सलूनी नजाकतीकडे गेली. आर्गेझीने हाकलून दिलेले सगळे परत बोलावले. स्तोत्रांतला जुना स्लाव्ह शब्द, बाजारातला तुर्की शब्द, कैद्यांची सांकेतिक बोली, रोमा वस्तीतले शब्द, शेणामातीचे आणि पू-बुरशीचे शब्द एकाच ओळीत शेजारी येऊ लागले. अशा मिश्रणाने नुसता गोंगाट झाला असता. पण वृत्त आणि यमक यांवरची त्याची पकड पारंपरिक कवीला लाजवील अशी कडक होती, आणि त्यामुळेच हा सारा ऐवज कवितेत टिकला.

याच संग्रहात त्याची 'स्तोत्रे' आहेत. पुढच्या संग्रहांतही तो त्यांची भर घालत राहिला. बायबलमधल्या स्तोत्रकर्त्याला देव ऐकतो आहे याची खात्री असते. आर्गेझीचा भक्त मात्र देवाला पुरावा मागतो. कधी शिकाऱ्यासारखा त्याच्या मागावर जातो, कधी त्याला आव्हान देतो, कधी थकून विनवतो, आणि उत्तर येत नाही. तो आस्तिक की नास्तिक यावर रोमानियन समीक्षकांनी रकानेच्या रकाने खर्ची घातले आहेत. कवितांना त्या निवाड्याची गरज नाही. नास्तिकाला असा छळवाद करण्याचे कारण नसते आणि आस्तिकाला तो परवडत नाही; ही स्तोत्रे उभी आहेत ती या दोहोंच्या मधल्या जागेत. तिथून दोन पावलांवर, त्याच पुस्तकात, बाप आपल्या मुलांना मरण समजावून सांगतो ते लपाछपीचा खेळ म्हणून. धमकावणाऱ्या स्तोत्रांपेक्षा ही शांत, घरगुती कविता अधिक भेदक आहे.

पुस्तकाचे स्वागत एकमुखी झाले नाही. इयोन बार्बू हा स्वतः श्रेष्ठ कवी आणि दान बार्बिलियान या खऱ्या नावाने गणितज्ञ. कवितेकडून त्याची अपेक्षा भूमितीसारख्या निखळ रचनेची. १९२७ मध्येच त्याने आर्गेझीच्या काव्यपद्धतीवर कठोर लेख लिहिला. तिथे कारागिरी आहे, विचाराची उंची नाही, असा त्याचा रोख होता. योर्गा आणि परंपरावादी मंडळींना अश्लीलता दिसली, आणि ही ओरड पुढे उजव्या गटांनी उचलली. १९३४ मध्ये एका तरुण समीक्षकाने आपल्या वादग्रस्त पुस्तकात आर्गेझीची कीर्ती फुगवलेली आहे असे ठरवले. हा समीक्षक यूजेन इओनेस्कू, जो पुढे पॅरिसमध्ये नाटककार आयोनेस्को म्हणून जगाला माहीत झाला. गंमत अशी की त्याच्या पहिल्यावहिल्या कविता छापल्या गेल्या होत्या त्या आर्गेझीच्याच पत्रात.

ते पत्र म्हणजे फेब्रुवारी १९२८ मध्ये सुरू झालेले 'बिलेते दे पापागाल', पोपटाच्या चिठ्ठ्या. बुखारेस्टच्या रस्त्यांवर पेटीवाला वादक पोपट घेऊन हिंडे आणि पोपट चोचीने भविष्याची चिठ्ठी काढून देई. आपल्याकडच्या पोपटवाल्या ज्योतिष्याचाच हा भाऊबंद. वृत्तपत्राचा आकार नेहमीच्या पत्रांच्या मानाने अगदी चिमुकला. त्यात आर्गेझी रोज एक छोटा, घोटीव गद्यतुकडा लिही. या प्रकाराला त्याने 'ताब्लेता' हे नाव दिले आणि ते रोमानियन पत्रकारितेत कायमचे रुळले. पत्र अनेकदा बंद पडले आणि अनेकदा पुन्हा निघाले. 

१९३१ मध्ये दोन अगदी परस्परविरोधी पुस्तके निघाली. एक 'खेळण्यांचे पुस्तक', मित्सुरा आणि बारुत्सू यांच्या बालपणावरचे. दुसरे 'फ्लोरी दे मुचिगाय', बुरशीची फुले, वकरेश्तच्या कोठडीतून आलेली कविता. नावात फ्रेंच कवी बोदलेरची आठवण आहे आणि ती मुद्दाम आहे. आर्गेझीने बोदलेरचे अनुवादही केले होते. पण बोदलेरचा पापी हा शहरी, कंटाळलेला, स्वतःकडे पाहणारा असतो. आर्गेझीचे चोर आणि खुनी स्वतःकडे पाहत नाहीत. ते भुकेले असतात, थंडीने काकडतात, पळून जाण्याचे बेत करतात, मरतात आणि तुरुंगाच्या दवाखान्यात नंबराने ओळखले जातात. सुरुवातीची कविता सांगते की या ओळी अंधारात भिंतीच्या गिलाव्यावर नखाने लिहिल्या, उजव्या हाताचे नख झिजले तेव्हा डाव्या हाताचे वापरले. पहिल्या संग्रहातली घनदाट प्रतिमासृष्टी इथे बरीच विरळ झाली आहे. वाक्ये तुटक, बोली खरी, गाण्याची चाल गल्लीतली. संग्रह आला तेव्हा पुष्कळांना तो किळसवाणा वाटला. आज त्याच्या सर्व पुस्तकांत हेच सर्वात कमी जुने झालेले पुस्तक आहे.

१९३० च्या दशकातले त्याचे गद्यही मोठे आहे. 'कुती देशातील ताब्लेते' (१९३३) हे स्विफ्टच्या वळणाचे काल्पनिक राज्याचे व्यंग, 'बुना-वेस्तिरे दफनभूमी' (१९३६) ही मृतांना उठवून जिवंतांची फटफजिती करणारी कादंबरी. कादंबरी म्हणून ही पुस्तके सैल आहेत, कारण आर्गेझीचा श्वास पानापुरता होता आणि अडीचशे पानांचा डोलारा त्याला पेलत नसे. १९३४ मध्ये राष्ट्रीय काव्यपुरस्कार बाकोव्हिया आणि आर्गेझी यांना विभागून मिळाला. 'संध्याकाळची चिमुकली पुस्तिका' (१९३५) या संग्रहात बाग, मुंग्या, पिलू, ओलावा यांच्या लहानखुऱ्या कविता आहेत. मुलांसाठी लिहिलेली, अंडी चोरणाऱ्या झ्द्रेआन्त्सा नावाच्या कुत्र्याची कविता तर रोमानियात शाळेत जाण्याआधीच मुलांना पाठ असते.

दुसऱ्या महायुद्धात रोमानिया जर्मनीच्या बाजूने उतरला आणि मार्शल आंतोनेस्कूची हुकूमशाही चालू होती. ३० सप्टेंबर १९४३ रोजी 'इन्फॉर्मात्सिया झिलेई' या दैनिकात आर्गेझीचा एक लेख आला. मथळा होता 'बारोआने', म्हणजे हे सरदारा. नाव घेतलेले नव्हते, पण देशाला गोठा समजून ओरबाडणारा हा सरदार म्हणजे बुखारेस्टमधला जर्मन राजदूत मानफ्रेड फोन किलिंगर, हे कोणालाही सांगावे लागले नाही. अंक जप्त झाला, लेखक पकडला गेला आणि तर्गू झिऊच्या छावणीत पाठवला गेला. हा त्याच्या बापजाद्यांचा गोर्झ भाग; साठी उलटल्यावर तो तिथे काटेरी तारांमागे काही महिने राहिला. पहिल्या युद्धात जर्मनांच्या सोयीचे लिहिल्याबद्दल कैद, दुसऱ्यात त्यांच्याविरुद्ध लिहिल्याबद्दल कैद. त्याच्या राजकीय वागण्याला सुसंगत म्हणता येत नाही. हा लेख मात्र निधड्या छातीचाच होता, कारण त्या वेळी जर्मन सैन्य देशात होते. ऑगस्ट १९४४ मध्ये राजवट पालटली. किलिंगरने काही दिवसांतच आत्महत्या केली.

युद्धानंतर आर्गेझीला पुन्हा मान मिळाला. १९४६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार झाला. पण नव्या सत्तेला गाणारा कवी हवा होता, आणि स्तोत्रे व बुरशी लिहिणारा हा म्हातारा तिच्या कामाचा नव्हता. ३० डिसेंबर १९४७ रोजी राजा मिहाईला पदत्याग करावा लागला. त्यानंतर आठवडाभरातच साम्यवादी पक्षाच्या 'स्कन्तेया' या मुखपत्रात सोरिन तोमाची लेखमाला सुरू झाली. सडण्याची कविता की कवितेचे सडणे, अशा अर्थाचा तिचा मथळा होता. लेखमालेचा निष्कर्ष असा की आर्गेझी हा मरू घातलेल्या भांडवलदार वर्गाच्या दुर्गंधीचा कवी आहे. सोरिन तोमा हा आ. तोमा या कवीचा मुलगा, आणि त्याच सुमारास राजवट आ. तोमाला राष्ट्राचा श्रेष्ठ कवी म्हणून पुढे आणत होती. साहित्यातली बापाची जागा मुलाने वृत्तपत्रातून मोकळी करून दिली, असे रोमानियात उपहासाने म्हटले जाते ते उगीच नव्हे.

त्यानंतर आर्गेझीची पुस्तके दुकानांतून गेली, नाव छापणे बंद झाले. मर्त्सिशोरच्या बागेतली चेरी विकून घर चालवावे लागले. ज्या बागेवर समीक्षक ग्रामीण हौस म्हणून हसत, तीच आता पोट भरत होती. ही बंदी काही वर्षे टिकली. १९५० च्या दशकात आधी अनुवाद छापू दिले गेले: क्रिलोव्हच्या आणि ला फोंतेनच्या प्राणिकथा. मग 'प्रिसाका' (१९५४) हे मधमाश्यांवरचे निरुपद्रवी पुस्तक. साम्यवादी पक्षाचा प्रमुख गेओर्गे गेओर्गियु-देज याला एव्हाना नामवंत जुने लेखक आपल्या बाजूला हवे होते. १९५५ मध्ये आर्गेझी अकादमीचा सदस्य झाला. १९०७ च्या शेतकरी उठावावरची कवितामालिका त्याच वर्षी आली. तो उठाव सैन्याने हजारो माणसे मारून मोडला होता, आणि हा विषय पक्षाला प्रिय होता. पण गावे, चाबूक आणि जमीनदार यांचा राग आर्गेझीच्या कवितेत आधीपासून होता, त्यामुळे ही मालिका पूर्णपणे फर्माशी वाटत नाही. १९५६ च्या 'माणसाचे गीत'बद्दल तसे म्हणता येत नाही. गुहेतल्या माणसापासून अणुयुगापर्यंतचा हा प्रवास सफाईदार आहे, यमके अचूक आहेत, आणि स्तोत्रांमधला तो अनुत्तरित प्रश्न मात्र तिथून नाहीसा झाला आहे.

शेवटची दहा-बारा वर्षे तो राष्ट्रकवी होता. संसदेत सदस्यत्व, संग्रहांच्या मोठ्या आवृत्त्या, ऐंशीव्या आणि पंच्याऐंशीव्या वाढदिवसांचे सरकारी सोहळे, १९६५ चा व्हिएन्नातील हेर्डर पुरस्कार. इटलीत साल्वातोरे क्वासिमोदोसारख्या नोबेलविजेत्या कवीने त्याचे अनुवाद केले. या काळात सत्तेची स्तुती करणारे लेखही त्याने लिहिले आणि ते आज वाचवत नाहीत. दुसरीकडे 'पाने', 'लयी', 'रात्र' अशा साध्या नावांचे संग्रह एकामागून एक येत राहिले. त्यांतल्या सगळ्याच कविता चांगल्या नाहीत. म्हाताऱ्याच्या हाताला सवयीने ओळी सुचत होत्या. पण मृत्यूची वाट पाहणाऱ्या काही छोट्या कवितांत जुना स्तोत्रकर्ता परत आला आहे, आता भांडण सोडून. जुलै १९६६ मध्ये पारास्किवा वारली. १४ जुलै १९६७ रोजी आर्गेझी गेला. सरकारी इतमामाने अंत्यविधी झाला आणि त्याला मर्त्सिशोरच्या बागेत पत्नीशेजारी पुरले.

घराचे पुढे संग्रहालय झाले. अभिनेत्री असलेल्या मित्सुराने ते अनेक वर्षे सांभाळले आणि वडिलांच्या लेखनाच्या आवृत्त्या काढण्यात हातभार लावला. वकरेश्तचा मठ-तुरुंग मात्र राहिला नाही. रोमानियन वास्तुकलेचा तो महत्त्वाचा नमुना असल्याचे तज्ज्ञ सांगत असतानाही साम्यवादी शासक चाउशेस्कूच्या राजवटीने १९८० च्या दशकात तो जमीनदोस्त केला. शेजारच्या सखल भागात जलाशय करण्याची योजना अर्धवट सुटली आणि तिथे आपोआप पाणथळ रान माजले. २०१६ मध्ये त्याला निसर्गउद्यानाचा दर्जा मिळाला.

१९८९ मध्ये साम्यवादी राजवट कोसळल्यानंतर, आर्गेझीने पहिल्या युद्धात आणि १९५० च्या दशकात सत्तेशी केलेल्या सहकार्याची नव्याने छाननी झाली. संधिसाधू, असा शिक्का मारणारे लेख आले आणि त्याला उत्तरेही आली. त्याच्या गद्यातल्या पुष्कळ भांडणांचे संदर्भ आता टिपांशिवाय कळत नाहीत. कवितेची फेरनिवड मात्र बऱ्याच अंशी झाली आहे: १९२७ चा संग्रह, स्तोत्रे, तुरुंगातली कविता आणि मुलांसाठी लिहिलेल्या ओळी नव्या आवृत्त्यांत येत राहतात, आणि 'माणसाचे गीत' अभ्यासकांपुरते उरले आहे.